सिसिलीनंतर चार दिवस मोकळे आहेत: पांतेल्लेरिया की गोझो?

गंगापूर_रोडकर

नमस्कार मंडळी.

सप्टेंबरात मी, सौ. आणि सासूबाई (वय ७४, गुडघे जेमतेम) असे तिघं सिसिलीला चाललोय. टूर कंपनी नाही, सगळं स्वतःच ठरवतोय. सिसिलीचे आठ दिवस पक्के झालेत, पुढचे चार हातात आहेत. नकाशा बघताना सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधे एक ठिपका दिसला, पांतेल्लेरिया. बेट इटलीचंच आहे, म्हणजे त्याच व्हिसावर जाता येईल. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "हे कुठलं काढलंस? माल्टा कर, गोझो कर."

सौ.ची अट एकच : "वाळूत बसायचं तर दिवेआगर काय वाईट आहे? एवढ्या लांब नेतोस तर वेगळं काहीतरी दाखव." ती शाकाहारी आहे, कांदा-लसूण चालतो. सासूबाईंना चढ-उतार जमत नाही, पण गाडीत बसून दिवसभर हिंडायची तयारी आहे.

इथलं कुणी गेलंय का? बघण्यासारखं काय आहे, आणि जायला काय यातायात पडते?

बॅग_भरलेली

गोझोला जा आणि मोकळे व्हा. माल्टाच्या मुख्य बेटावरच्या चिरकेव्वाहून फेरीबोट पंचवीसेक मिनिटांत नेते, दिवसभर फेऱ्या असतात. इंग्रजी राजभाषाच आहे, त्यामुळे खाणाखुणा करत बसावं लागत नाही. बेट जेमतेम ६७ चौ. किमी. जगान्तिया नावाची दगडी देवळं आहेत, इ.स.पू. ३६०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. श्वेइनीची मिठागरं थेट समुद्रकाठच्या खडकात कोरलेली आहेत. व्हिक्टोरिया गावातल्या किल्ल्यावरून सगळं बेट दिसतं.

एवढंच की, जुन्या फोटोंतली ती समुद्रातली दगडी कमान बघायला म्हणून जाऊ नका. ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. आम्ही २०१८ ला गेलो, गाईड रिकाम्या जागेकडे बोट दाखवून "इथे होती" म्हणाला.

पांतेल्लेरियाला मी गेलेलो नाही, पण सासूबाईंना घेऊन आडबाजूच्या बेटावर जाणं म्हणजे धाडसच.

वाय_मांडव

मी मोहाडीचा, दिंडोरी तालुका. सतरा एकर द्राक्ष, सगळी वाय मांडवावर (इंग्रजी Y च्या आकाराचे खांब आणि तारा, वेल त्यावर). पांतेल्लेरियाला २०२३ च्या ऑगस्टअखेरीस गेलो होतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पंधरा-वीस दिवस बागायतदाराला माणसासारखं जगता येतं, त्या दिवसांत. आम्ही तिघे शेजारी, आपापल्या खर्चाने. कुठल्या औषध कंपनीचं तिकीट नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागे एका धाग्यावर मला तसा टोमणा बसला होता.

पहिली गोष्ट, समुद्रात डुंबायचं म्हणून जात असाल तर जाऊ नका. वाळूचा किनारा नाहीच. सगळा काळा कातळ, पाण्यात उतरायचं तर दगडावरून. बेट असूनही माणसं कोळी नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. समुद्राकडे पाठ करून बसलेलं गाव मी पहिल्यांदा बघितलं. क्षेत्रफळ ८३ चौ. किमीच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक महापालिकेच्या हद्दीत असली तीन बेटं बसतील. मधला डोंगर, मोन्तान्या ग्रान्दे, ८३६ मीटर. आपल्या अंजनेरीपुढे पोरगंच. ट्युनिशियाचा किनारा सत्तरेक किलोमीटर, सिसिली शंभरच्या आसपास. गावांची नावं ऐका : खाम्मा, गादिर, सिबा, रेखाले, बुक्कुराम. अरबांनी काही शतकं राज्य केलं, ११२३ मध्ये नॉर्मन आले, सत्ता गेली पण नावं राहिली. बेटाच्या नावाचा अर्थही अरबीतून 'वाऱ्याची लेक' असा लावतात. व्युत्पत्ती खरी की खोटी ते पंडित बघतील, वारा मात्र शंभर टक्के खरा. तिथे उभं राहून मोबाइलवर बोलता येत नाही.

आता द्राक्षाचं सांगतो, कारण मी त्यासाठीच गेलो होतो आणि तुम्हीही त्यासाठीच जावं असं माझं मत आहे.

आपल्याकडे बाग म्हटली की मान वर करायची. मांडव, तारा, अँगल, वरून लोंबणारे घड. तिथे बाग कुठे आहे हेच मला दिसेना. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते म्हातारबुवा म्हणाले, "खाली बघ." पायाशी वेल! गुडघ्याच्याही खाली. प्रत्येक वेलीसाठी हाताने खोदलेला एक वाटीसारखा खड्डा आणि त्यात ती बसलेली. बुंधा आखूड आणि जाड, म्हाताऱ्याच्या मुठीसारखा, त्यातून पाच-सहा हात चारी बाजूंना जमिनीलगत पसरलेले. मी खड्ड्यात हात घालून बघितला, बरोबर एक वीत. वारा वरून निघून जातो, वेलीला लागत नाही. सकाळी दहाची वेळ, वरची माती पिठासारखी कोरडी, पण खड्ड्यातला एक दगड उचलला तर खाली ओल होती. ठिबकची एक नळी नाही. विहीर नाही, नदी नाही, ओढा नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "इथे ड्रीपवाला उपाशी मरेल."

ही पद्धत २०१४ साली युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवली. वेल नव्हे, जमीन नव्हे, खड्डा खणून वेल सांभाळायची रीत. शेतीच्या रीतीला असा मान मिळाल्याचं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं. पण त्या म्हातारबुवांना त्याचं फार काही वाटत नव्हतं. कंबर दाखवून म्हणाले (त्यांच्या नातीने सांगितलं), "युनेस्को वाकायला येत नाही." ट्रॅक्टर त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात शिरतच नाही, छाटणी, खुरपणी, तोडणी सगळं वाकून. पोरं नोकरीला मुख्य भूमीवर. हे ऐकून आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

जात झिबिब्बो. जुना मस्कतच तो, अलेक्झांड्रियाचा. नाव अरबी 'झबीब'वरून, म्हणजे बेदाणा. मणी मोठा, बी असलेला, साल जाड. निर्यातीच्या मापाने बघाल तर नापास. पण तोंडात टाकला की फुलासारखा वास नाकात जातो. आपल्या थॉमसनला (बिनबियांची जात) गोडी आहे, करकरीतपणा आहे, वास कुठे आहे? तीस वर्षं द्राक्ष पिकवतोय आणि द्राक्षाला वास असू शकतो हे विसरून गेलो होतो.

ऑगस्टात पहिली तोड झाली की घड उघड्यावर उन्हात वाळत घालतात. आपण बेदाण्याला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुचकळून शेडमध्ये जाळीवर टाकतो, पंधरा दिवसांत माल तयार. तिथे नुसतं ऊन आणि वारा, हाताने उलथत राहायचं, रात्री दवापासून झाकायचं, तीन-चार आठवडे. मग मणी देठापासून हाताने सोडवतात आणि सप्टेंबरच्या तोडीच्या आंबत्या रसात ते बेदाणे सोडतात. त्याची जी वाइन होते ती पास्सितो. मधाच्या रंगाची आणि गोड. मी पीत नाही, तरी चमचाभर घेतली. घरी सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण घरचे इथे येत नाहीत.

घरांना दाम्मुसो म्हणतात. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, वर पांढरं घुमटासारखं छप्पर. छपराचा उतार असा की पावसाचा थेंबन्‌थेंब अंगणाखालच्या टाक्यात जातो. आता समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं आहेत, पण टाकी सगळ्यांनी राखून ठेवलीत. राहायला असंच घर घ्या, हॉटेल नको. भर दुपारी आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटतं.

आणि ती गोल भिंत. रानात मधेच दगडाचा बुरूज दिसतो, दोन पुरुष उंच, वर छप्पर नाही, एक बुटकं दार. मला वाटलं पडकी चौकी असेल. वाकून आत गेलो तर आत एकच संत्र्याचं झाड. एका झाडासाठी एवढा तट! वाऱ्यात संत्रं टिकत नाही म्हणून त्याच्याभोवती विहीर बांधावी तशी भिंत बांधलेली, फक्त खोदून खाली नेण्याऐवजी रचून वर नेलेली. बाहेर वाऱ्याचा सारखा भणभणाट आणि आत पाऊल टाकलं की कान एकदम बंद झाल्यासारखी शांतता. पाचोळाही हलत नव्हता. झाड भिंतीच्या वर गेलेलं नाही, जिथे वारा लागतो तिथे आपोआप सपाट झालंय. दहा मिनिटं तिथेच उभा होतो, बाकीचे दोघे गाडीचा हॉर्न वाजवायला लागले तेव्हा निघालो.

बघण्याचं बाकी पटकन सांगतो. काला लेवान्तेजवळ लाव्हाचा कडा समुद्रात असा उतरलाय की हत्ती सोंडेने पाणी पितोय असं वाटतं. आपण नाशिककर, हात आपोआप जोडले गेले. 'व्हीनसचा आरसा' हे ज्वालामुखीच्या खळग्यातलं तळं, पाणी हिरवं-निळं आणि काठाला कोमट, कडेचा राखाडी चिखल अंगाला लावून उन्हात वाळवायचा आणि त्याच पाण्यात धुवायचा. गाडी जवळपर्यंत जाते, काठ सपाट आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांना लावाच. गादिरला छोट्या धक्क्यालाच गरम पाण्याची कुंडं आहेत, वज्रेश्वरीसारखी, फक्त शेजारी समुद्र. सिबाजवळच्या गुहेत जमिनीतून वाफ येते, पण वाट खडबडीत, सासूबाईंना नको. बंदराचं गाव बघून हिरमुसू नका. जून १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी इतके बॉम्ब टाकले की जुन्या गावाचं फारसं काही उरलं नाही. ११ जूनला बेट शरण आलं. काळ्या दगडाचा किल्ला तेवढा उभा आहे.

आता यातायात. ट्रापानी आणि पालेर्मोहून छोटं विमान, ट्रापानीहून बोट. आम्ही पैसे वाचवायला बोट घेतली. जाताना ठीक गेलो. येताना वारा सुटला आणि बोट रद्द झाली, दुसऱ्या दिवशीही रद्द. बोटवाल्या कंपनीच्या खिडकीवर चिठ्ठी लावलेली, आत माणूस नाही. आमचं पालेर्मोहून पुढचं विमान गेलं. तिघांचे मिळून जे पैसे गेले त्यात एका एकराची खतं आली असती. म्हणून बेट शेवटी ठेवू नका. आधी बेट, मग सिसिली.

भूगोलाचे_सर

वाय_मांडव, फार छान लिहिलंत. निवृत्त शिक्षकाला राहवत नाही म्हणून थोडी भर.

आपण ज्या काळ्या कातळावर राहतो, पांडवलेणी ज्यात कोरली आहे, तोही लाव्हाच. पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच थंड झालेला. पांतेल्लेरिया अजून कोमट आहे. सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी तिथे मोठा स्फोट झाला, हिरवट राखेचा थर बेटभर थापला गेला आणि मधला भाग खचला. त्या खचलेल्या कढईतूनच पुढे मोन्तान्या ग्रान्देचा ठोकळा वर उचलला गेला. म्हणजे तुम्ही ज्याला पोरगं म्हणालात ते खरोखरच वयाने पोर आहे. तिथला सोडियमने भरलेला खडक इतका निराळा की जगात कुठेही सापडला तरी त्याला पँटेलेराइटच म्हणतात.

शेवटचा उद्रेक १८९१ चा, बेटाच्या वायव्येला, समुद्राखाली. लाव्हाचे पोकळ गोळे पाण्यावर तरंगत वर आले होते. त्याआधी १८३१ मध्ये पांतेल्लेरिया आणि सिसिलीच्या मधे समुद्रातून एक नवंच बेट उगवलं. इंग्रज, फ्रेंच आणि सिसिलीचं राज्य तिघांनीही हक्क सांगितला, प्रत्येकाने वेगळं नाव ठेवलं, आणि भांडण मिटायच्या आधी काही महिन्यांत बेटच बुडालं. वर्गात ही गोष्ट सांगितली की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची.

डोंगरउतारावर वाफेची भोकं आहेत, त्यांना फावारे म्हणतात. पूर्वी गुराखी त्यांवर काटक्या-झुडपं रचून ठेवायचे आणि वाफेचं पाणी धरून गुरांना पाजायचे. बेटावर पाणी नाही म्हणजे काय, ते यावरून कळतं.

गंगापूर_रोडकर, मुर्सियाजवळ कांस्ययुगातली दगडी थडगी आहेत, सेसी म्हणतात, ती गाडीतून उतरून लगेच दिसतात. सान मार्कोच्या टेकडीवर २००३ मध्ये रोमन काळाचे संगमरवरी तीन चेहरे सापडले : ज्युलियस सीझर, अंतोनिया आणि सम्राट टायटस. एवढ्याशा बेटावर!

गंगापूर_रोडकर

बाप रे, मी ठिपका विचारला, तुम्ही पुस्तक दिलंत. सगळ्यांचे आभार.

सौ.ने वाय_मांडव यांचा संत्र्याच्या झाडाचा परिच्छेद दोनदा वाचला, त्यामुळे निर्णय झाल्यात जमा आहे. बेट आधी, विमानाने. बॅग_भरलेली, गोझो पुढच्या वेळी, राग नसावा.

तीन शंका. शाकाहारी माणसाने काय खायचं? सप्टेंबरच्या कोणत्या आठवड्यात जावं? आणि माझा मेव्हणा पिंपळगावला बागायतदार आहे, तो म्हणतोय झिबिब्बोची एखादी काडी खिशात घालून आण. आणता येईल का?

बॅग_भरलेली

राग कसला. फोटो टाका म्हणजे झालं. आणि सासूबाईंच्या चिखलाचा नक्की टाका.

वाय_मांडव

खाण्याची चिंता नको. तिथलं सॅलड म्हणजे उकडलेला बटाटा, टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह तेल आणि वरून खारवलेले कॅपर. ताजं चीज आणि पुदिना भरलेले राविओली मिळतात, ते मागा. टोमॅटो-बदाम-लसणाची कच्ची चटणी पास्त्याला लावतात, ती आपल्या माणसाला हमखास आवडते. कुसकुस दिसलं तर आधी विचारा, त्यात मासा असतो.

कॅपर म्हणजे काय हे मला तिथे कळलं. फूल उमलायच्या आधीची कळी, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढी. मे ते ऑगस्ट उन्हात बसून एकेक खुडतात आणि जाड्या मिठात मुरवतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तसा युरोपात या कॅपरला आहे. एक कळी चावली आणि जिभेच्या कडेला ओळखीचं काहीतरी लागलं. घरी येऊन आईला दिलं तर ती चावून म्हणाली, "हे वाघाटीच्या घरातलं आहे." आषाढी द्वादशीला उपास सोडताना आपण वाघाटीची भाजी करतो ना, तेच कुळ. मी नंतर एका कृषी सहाय्यकाला विचारलं, आई बरोबर होती. आणणार असाल तर दोन पिशव्यांत बांधा, मिठाला पाणी सुटतं. माझी एक लुंगी गेली.

पहिल्या आठवड्यात जा. वाळवण अजून उघड्यावर असतं आणि दुसरी तोडही चालू असते, दोन्ही बघायला मिळतं.

काडीचं म्हणाल तर नाही. परवाना आणि क्वारंटाइनशिवाय रोपं-काड्या आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. एका काडीवरून काय काय रोग येतील, मेव्हण्यांना सांगायला नको. मोह मलाही झाला होता. म्हातारबुवांनी छाटून हातात ठेवली होती, मी तिथेच बांधावर ठेवून आलो.

पण रीत आणायला तर बंदी नाही ना? म्हणून घरी आल्यावर मी बांधाच्या कडेला वीत मोजून पाच खड्डे घेतले आणि आपल्याच थॉमसनच्या काड्या लावल्या. उन्हाळाभर काय सुरेख वाढल्या सांगू! शेजारी येऊन बघून जायचे आणि हसायचे. जूनअखेर पाऊस आला. खड्डे भरले, पानं मातीला टेकलेली, आठ दिवसांत डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग), पंधरा दिवसांत खलास. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिथे पाऊस हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. खड्डा तेव्हा पाणी पितो आणि उन्हाळ्यात वेलीला पुरवतो. आपल्याकडे वेल पानावर असताना आभाळ फाटतं. आपला मांडव उंच आहे तो हौसेने नाही, आणि त्यांचा खड्डा खोल आहे तोही हौसेने नाही. हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने आधीच ओळखायला हवं होतं, पण परदेशात बघून आलं की माणूस थोडा येडा होतो.

खड्डे बुजवले नाहीत. पाणी धरतात म्हणून आईने त्यात अळू लावलंय.